ओठाआडचा दात

संग्रहालयाचा जिना उतरून तळघरात गेलं की डाव्या हाताला गोगलगायींची खोली लागायची. एक लांब टेबल, दोन सूक्ष्मदर्शक, छतापर्यंत गेलेली सोळा कपाटं आणि खिडकी म्हणायची म्हणून एक झरोका. झरोक्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. कपाटांतल्या खणांत काचेच्या नळ्या होत्या, नळ्यांत कापूस, कापसावर शिंपले; गोगलगायींच्या शंखांना त्या खोलीत शिंपलेच म्हणत. काही हरभऱ्याएवढे, काही मोहरीएवढे. या खोलीत एकतीस वर्षं एक बाई बसत होत्या. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग कायम असे, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. हजेरीच्या वहीत दुसरं नाव होतं, पण ते वहीपुरतंच.

भिंगबाई शास्त्रज्ञ नव्हत्या. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि लेक त्यांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवायची. वडिलांचं शिकवणं एका वाक्याचं. "रेघेकडे बघू नकोस, रेघेच्या पोटातली मोकळी जागा बघ. ती जमली की अक्षर जमलं." संग्रहालयाला बारीक अक्षरात लेबलं लिहिणारं माणूस हवंय असं कळल्यावर त्यांनी अर्ज केला. बोटाच्या पेराएवढ्या कागदावर प्राण्याचं नाव, कुठे सापडला, कुणाला, केव्हा, एवढं सगळं मावेल आणि वाचताही येईल असं लिहून दाखवायचं होतं. त्यांनी लिहून दाखवलं आणि खाली उरलेल्या जागेत एक शिंपलाही काढून ठेवला. पुढे जुने चित्रकार निवृत्त झाले तसं चित्रांचं कामही त्यांच्याकडे आलं. इतक्या वर्षांत विभागातून जे जे लेख छापून गेले, त्या प्रत्येकातली चित्रं त्यांच्या हातची. लेखाच्या शेवटी बारीक टाइपात एक ओळ असायची, 'चित्रे : संग्रहालय'. त्याबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

गोष्ट सुरू झाली ती अगदी साध्या कामातून. संग्रहालयाला भेट देणाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तक निघणार होतं आणि त्यात शहरातल्या सगळ्यांच्या ओळखीच्या गोगलगायीचं चित्र हवं होतं. ती तपकिरी, चपटी, मसुराच्या दाण्याएवढी गोगलगाय. पाऊस पडून गेला की घरोघरीच्या भिंतींवर, कुंड्यांवर, खुद्द संग्रहालयाच्या पायऱ्यांवर ती दिसायची. तिला नाव होतं. एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका प्रवाशाने ते दिलं होतं, चार ओळींच्या वर्णनासकट, चित्राशिवाय. तेव्हापासून जो तो तिला त्याच नावाने ओळखत होता.

भिंगबाईंनी खण उघडला. त्या नावाच्या अठरा नळ्या होत्या, प्रत्येकीत पंचवीसतीस शिंपले. एकीतला शिंपला घेऊन त्यांनी वरची बाजू काढली, खालची काढली, आणि तोंड काढायला घेतलं तेव्हा चिमट्यातून निसटून त्याचा काठ उडाला. दुसऱ्या दिवशी चरफडत त्यांनी शेजारच्या नळीतला दुसरा घेतला आणि चित्र पुढे नेलं. पण चित्र काही जमेना. शिंपल्याच्या तोंडातली मोकळी जागा कालच्यासारखी येईना. त्यांनी भिंग बदललं, दिवा तिरका केला. ओठाच्या आतल्या अंगाला, सहज बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, एक पांढरा दात होता.

शेजारच्या केबिनमध्ये विभागप्रमुख बसायचे. भिंगबाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शिकलेले, कामाचे पक्के आणि सदा घाईत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, आणि नवखं कुणी त्यांना खोकल्याचं औषध विचारलं की ते भडकत.

"साहेब, हिला दात आहे."

"कोणाला?"

"हिला. कालचीला नव्हता."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. "वयाचा फरक असेल, बाई. पोराला दात नसतात, मोठं झाल्यावर येतात."

"पण ही लहान आहे. कालची हिच्याहून मोठी होती आणि ती बोळकी."

"मग म्हातारपणी पडले असतील." डॉक्टर स्वतःच्याच विनोदाला हसले. जाता जाता म्हणाले, "नाहीतर एकदा डोळे तपासून घ्या."

भिंगबाईही हसल्या, पण ते शेवटचं बोलणं त्यांना झोंबलं. सहा महिने झाले, उजव्या डोळ्यापुढे धुकं येत होतं. दिव्याभोवती कडं दिसायचं. चित्रं त्या डाव्या डोळ्याने रेटत होत्या आणि हे त्यांनी कुणाही जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

जिवंत माणूस म्हणजे घरी एकच होतं, थोरली बहीण. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी राहत. ताई चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाल्यावरही तिची नजर आणि जीभ कामावरच होती. शेजारणीचे पडदे, पोस्टमनची चाल, दूधवाल्याचं माप, तिच्या तावडीतून काही सुटत नसे. त्या संध्याकाळी भिंगबाई चहा ओतत होत्या.

"कपात ओत," ताई म्हणाली. "बशीला तहान लागलेली नाही."

भिंगबाईंनी किटली खाली ठेवली. ताईने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"मोतीबिंदू. किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी काय त्या हॉस्पिटलात चाळीस वर्षं भाजी निवडत होते?"

"सांगितलं असतं तर तू कामावर जाऊ दिलं नसतंस."

"अजूनही देणार नाही," असं म्हणून ताईने चप्पल घातली आणि खाली जाऊन ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झालीसुद्धा.

त्यानंतर सहा आठवडे सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही, असं बजावून सांगितलेलं. भिंगबाई काळा चष्मा लावून खिडकीशी बसत आणि एकच विचार त्यांना खाई. तो दात शिंपल्यात होता, की आपल्या डोळ्यात? उभ्या आयुष्यात त्यांनी नसलेली रेघ काढली नव्हती. आता ती काढली असेल तर कामाला राम राम ठोकायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ताईला हे समजलं कसं कोण जाणे, पण एका दुपारी ती एवढंच म्हणाली, "हे बघ, असेल तर असेल, नसेल तर नसेल. आधीच सुतक पाळू नकोस."

कामावर परतल्या त्या दिवशी भिंगबाई अंगातला कोट न काढताच टेबलाशी बसल्या. नळी उघडली, शिंपला उताणा केला, दिवा तिरका केला. दात होता. पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होता. आणि त्याच्या मागे, आधी कधी न दिसलेली, उंबऱ्यासारखी एक बारीकशी कड होती. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि कपाटातल्या अठराच्या अठरा नळ्या टेबलावर मांडल्या.

पुढची दोन वर्षं त्यांनी जे केलं ते बघायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. पहिला प्रश्न डॉक्टरांचाच होता, वयाचा. शिंपला पुरता वाढला की त्याचा ओठ बाहेर वळतो आणि जाड होतो, हे त्यांना शेकडो चित्रं काढून माहीत होतं. म्हणून पातळ ओठाचे सगळे शिंपले त्यांनी बाजूला काढले. ती पोरंटोरं, त्यांची साक्ष धरायची नाही. उरले चारशे बारा मोठे. प्रत्येकाची रुंदी, उंची, वेढे किती, खालच्या बाजूची बेंबी, म्हणजे मधला खळगा, किती उघडी, पाठीवरच्या बारीक कंगोऱ्यांची संख्या, आणि दात आहे की नाही. दातवालीची बेंबी अरुंद निघाली, टाचणी जेमतेम शिरेल एवढी. बोळकीची ऐसपैस. दातवालीचे कंगोरे दाट, बोळकीचे विरळ. एकही शिंपला असा मिळेना, की ज्याला दात आहे आणि बेंबीही रुंद आहे.

हा तक्ता पाहून डॉक्टरांचं हसू थांबलं. पण ते सहजासहजी मानणाऱ्यांतले नव्हते, आणि ते बरंच झालं.

"जागेचा फरक असू शकतो," ते म्हणाले. "लेबलं बघा, दातवाल्या सगळ्या शहराबाहेरच्या खाणीजवळच्या रानातल्या आहेत. बोळक्या सगळ्या शहरातल्या. एकच जात, दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाढत असेल. रानात खाणं वेगळं, ओल वेगळी. दोघी एकाच ठिकाणी राहतात आणि तरीही वेगळ्या राहतात, असं दाखवा. मग मी गप्प बसतो."

म्हणून पावसाच्या दिवसांत दर रविवारी सकाळी दोन बहिणी डबे घेऊन भिंती शोधत फिरू लागल्या. शहर जिथे संपतं आणि रान जिथे सुरू होतं, त्या पट्ट्यातल्या भिंती. भिंगबाई दगडांच्या सांदीत नाक खुपसून बसत आणि ताई छत्री धरून पहारा देई. येणारेजाणारे थांबत.

"काय हरवलंय का हो?"

"हरवलेलं काही नाही," ताई सांगे. "हिला सापडलंय, त्याचीच ही गडबड."

सातव्या रविवारी त्या जुन्या दफनभूमीच्या कुंपणाशी पोचल्या. भिंत दगडी, पडकी, पलीकडून झाडं तिच्यावर ओणवलेली. हातभर लांबीच्या एका सांदीतून भिंगबाईंनी सव्वीस गोगलगायी काढल्या. संध्याकाळपर्यंत थांबणं त्यांना जमलं नाही. तिथेच एका पायरीवर बसून त्यांनी गळ्यातल्या भिंगाने एकेक पाहिली आणि दोन डब्यांत टाकत गेल्या. इकडे अकरा, तिकडे पंधरा. मधली एकही नाही. एकाच दगडाआड, एकाच ओलीत राहणाऱ्या, आणि तरी आपापल्या घराण्याच्या.

सोमवारी डॉक्टरांनी दोन्हींतल्या काही गोगलगायी स्वतः चिरून आतली रचना पाहिली. बाहेर येऊन ते म्हणाले, "आतूनही वेगळ्या आहेत. बाई, मी त्या दिवशी डोळे तपासायला सांगितलं होतं..."

"बरं केलंत," भिंगबाई म्हणाल्या. "तपासून घेतले."

डॉक्टरांनी लेख लिहायला घेतला आणि भिंगबाईंना समोर बसवलं. दातवाली ही नवी जात, भिंतीवरची ही जुनी, नाववाली. वाक्यं डॉक्टरांची आणि आकडे, चित्रं, खुणा भिंगबाईंच्या. लेख एका शास्त्रीय नियतकालिकाकडे रवाना झाला. चार महिन्यांनी तपासनिसाचा शेरा आला. कोण तपासतं हे अशा कामात गुप्त असतं. या तपासनिसाने लिहिलं होतं, काम नेटकं आहे, चित्रं उत्तम आहेत, पण तुम्ही मूळ नमुना पाहिलात का?

मूळ नमुना म्हणजे ज्या एका शिंपल्यावरून त्या प्रवाशाने नाव दिलं, तो शिंपला. नाव त्या शिंपल्याला चिकटलेलं असतं. जी जात त्याच्याशी जुळेल तिचं ते नाव, मग लोक काहीही म्हणोत. तो शिंपला दूरच्या एका मोठ्या संग्रहालयात होता आणि एवढ्या वर्षांत तो कुणी नीट पाहिल्याची नोंद नव्हती. डॉक्टरांनी पत्रांमागून पत्रं धाडली. शेवटी तो पाठवायला ते लोक कबूल झाले. पार्सल यायला इतके आठवडे लागले की शिपाई रोज दारातून सांगून जाई, "नाही आलं, बाई. गोगलगायीचं टपाल आहे, येईल आपल्या चालीनं."

आलं तेव्हा पेटीत पेटी, तिच्यात डबी, डबीत नळी आणि नळीत कापसावर एक पांढरा पडलेला शिंपला. भिंगबाईंनी तो उताणा केला. तोंड मातीने गच्च भरलं होतं. एकशेचाळीस वर्षांपूर्वीची माती, सिमेंटसारखी घट्ट. दात असेल तर तो तिच्या आड होता. म्हणूनच तो कुणी पाहिला नव्हता.

साफ करायचं तर परवानगी हवी. परत पत्र, परत वाट. परवानगी आली, पण सोबत एक ओळ होती : काठाला इजा झाल्यास जबाबदारी तुमची.

"मी हात लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माझे हात कापतात. बाहेरून कुणाला बोलवायचं का?"

"कशाला? मी आहे ना."

त्या कामाला अडीच दिवस लागले. भिंगबाईंनी कुंचल्याचे केस काढून काढून एकच केस ठेवला. तो पाण्यात बुडवायचा, मातीला टेकवायचा, ती मऊ व्हायची वाट बघायची आणि कण सुटला की उचलायचा. तासाला दहाबारा कण. दुपारी ताई डबा घेऊन यायची आणि दाराशी बसून राहायची. त्या अडीच दिवसांत तिने कुणालाही काही बोल लावल्याचं ऐकिवात नाही. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शेवटचा खडा निघाला. भिंगबाईंनी दिवा तिरका केला, पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"साहेब, बघा."

डॉक्टरांनी पाहिलं. ओठाच्या आत दात होता. मागे उंबरा होता. बेंबी अरुंद, कंगोरे दाट.

डॉक्टर स्टुलावर बसले. "संपलं. प्रवाशाने नाव दिलं ते दातवालीलाच. म्हणजे आपली नवी जात जुनीच निघाली. तीन वर्षं पाण्यात गेली."

भिंगबाई कुंचला धूत होत्या. धुऊन झाल्यावर त्यांनी तो फडक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, मग भिंतीवरची कोण?"

"अं?"

"नाव दातवालीचं, हे ठरलं. दोघी वेगळ्या, हे आपण दाखवलंय. मग जिला सगळे इतकी वर्षं त्या नावाने हाक मारतात, ती भिंतीवरची, तिचं नाव काय?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग झरोक्याकडे बघितलं, मग परत शिंपल्याकडे. "तिला नावच नाही," ते हळूच म्हणाले. "आपल्या पायऱ्यांवर फिरते, आणि तिला नावच नाही!" आणि मग ते इतक्या मोठ्याने हसले की वरच्या मजल्यावरचे पहारेकरी काय झालं ते बघायला खाली आले.

लेख अख्खा उलटा करावा लागला. चित्रं तीच, आकडे तेच, फक्त कोण नवी आणि कोण जुनी हे बदललं. शेवटी नावाचा प्रश्न आला. डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं, "दोनांतलं एक होऊ शकतं, बाई. तिला तुमचं नाव देऊ, किंवा तुम्ही लेखक म्हणून माझ्याबरोबर सही करा. दोन्ही नको. स्वतःचं नाव स्वतःच दिलेलं बरं दिसत नाही. कुणी विचारलं तर मी पहिलं सुचवेन. मान मोठा आहे तो."

भिंगबाईंनी एक दिवस मागून घेतला. घरी ताईला विचारलं.

"गोगलगायीला तुझं नाव?" ताई म्हणाली. "लोक म्हणतील, फार हळू चालायची म्हणून दिलं. काही नको. तुला स्वतःला काय वाटतंय?"

"मला वाटतं, मी नाव द्यावं. तू जन्मभर जगाला नावं ठेवलीस, मला एकीला तरी ठेवू दे."

ताई हसली नाही. तिने बहिणीच्या हातावर हात ठेवला आणि पदराने स्वतःचा चष्मा पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चारपाच भारदस्त नावं काढून ठेवली होती. भिंगबाईंनी ती ऐकून घेतली. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण ती भिंतीवर राहते. 'भिंतीवरची' एवढंच असू द्या, शास्त्राच्या भाषेत काय होईल ते तुम्ही करा." तेच ठेवलं. लेख छापून आला तेव्हा वर दोन नावं होती आणि पहिलं भिंगबाईंचं होतं. ते डॉक्टरांनी त्यांना न विचारता केलं होतं. कारण विचारल्यावर म्हणाले, "मी तीनदा शंका काढली, तीनदा तुम्ही उत्तर दिलंत. मग पहिलं कोणाचं असणार?"

त्यानंतर भिंगबाईंनी कपाटातल्या, दालनातल्या आणि गोदामातल्या त्या नावाच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या लिहिल्या. सगळ्या मिळून छप्पन्न भरल्या. जुन्या फेकल्या नाहीत. प्रत्येक नळीत नवीच्या मागे जुनी घडी करून ठेवली. पूर्वीच्या माणसाने काय समजून लिहिलं होतं, तेही पुढच्याला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

भेट देणाऱ्यांच्या छोट्या पुस्तकातलं चित्र आणि त्याखालचं नाव बदललं. ताईने लेखाची प्रत जिन्यात भेटेल त्याला दाखवली, ज्यांना अक्षर कळणार नाही त्यांनाही, आणि पहिल्यांदाच शेजारणीच्या पडद्यांबद्दल चांगलं बोलली.

वर्षभराने दूरच्या गावातल्या एका शाळामास्तरांचं पत्र आलं. त्यांनी लेख वाचला होता, आणि आगपेटीत कापूस घालून आपल्या शाळेच्या कुंपणावरच्या तीन गोगलगायी पाठवल्या होत्या. या दोघींपैकी कुठल्या, एवढं सांगावं, अशी विनंती होती. भिंगबाईंनी सकाळ त्यात घातली. पहिल्या दोन भिंतीवरच्या निघाल्या. तिसरीच्या ओठाआड दात होता, पण बेंबी रुंद होती.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. "काय म्हणता, बाई? आणखी एक नवी?"

"एकीवरून काय सांगणार?" भिंगबाई म्हणाल्या आणि पत्राचा कागद पुढे ओढला. तांदळाएवढ्या अक्षरांत त्यांनी मास्तरांना लिहिलं, की पहिल्या दोन अमुक आहेत, खुणा अशा अशा. तिसरीबद्दल आत्ता काही सांगत नाही. त्याच कुंपणावरच्या आणखी वीस पाठवा, आणि ओठ जाड झालेल्याच पाठवा. भिंतीच्या कुठल्या बाजूला सापडल्या, तेही प्रत्येकीबरोबर लिहा.